'माझी काही हरकत नाही, पण सोसायटी…'

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झाले आहे, वय ६१. ठाण्यात आम्ही राहतो त्याच सोसायटीत आमचा आणखी एक छोटा फ्लॅट आहे. मुलासाठी घेतला होता, पण तो बंगळुरूला स्थायिक झाला. भाड्याने द्यायचा म्हणून एजंटला सांगितलं होतं. एक तरुण जोडपं आलं. तो फिजिओथेरपिस्ट, ती कॉलेजात शिकवते, चार वर्षांची मुलगी बरोबर. पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं घेऊन आले होते. दारातच तो म्हणाला, "काकू, आधीच सांगतो, आम्ही मुस्लिम आहोत. चालणार असेल तरच आत येतो." मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, या ना आत. घर त्यांना आवडलं, मला माणसं आवडली, मी टोकन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. "मॅडम, आपल्याकडे त्यांना देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी सभेत ठरलंय. माझी व्यक्तिशः काही हरकत नाही, पण लोक ऐकणार नाहीत." इतिवृत्तात आहे का विचारलं, तर म्हणाले, असलं काही लिहीत नसतात, सगळ्यांना माहीत असतं. माझे यजमान म्हणतात, आपल्याला आयुष्यभर इथंच राहायचंय, कशाला वाकड्यात शिरायचं? त्या लोकांना सांगून टाक, मुलगा परत येतोय. महिनाअखेरीला करार करायचा होता. खोटं बोलून मोकळी होऊ? की भांडू? आणि मी भांडून त्यांना आणलं, तर ते इथे सुखाने राहू शकतील का?

– एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

महिनाअखेर जवळ आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. 'मुलगा परत येतोय' हे सांगू नका. फ्लॅट द्यायचा की नाही हा निर्णय शेवटी तुम्हा दोघांचा आहे. पण नाही द्यायचं ठरलं, तर त्या मुलाला खरं कारण सांगा.

त्याने दारात काय म्हटलं ते तुम्हीच लिहिलं आहे. हातात पगाराच्या स्लिपा, जुन्या मालकाचं पत्र, आणि चपला काढण्याआधी हा माणूस स्वतःचा धर्म सांगून आत येऊ का विचारतो. असं कुणी पहिल्याच घराच्या दारात विचारत नाही. त्याआधी काय होत असतं, ते या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून मला चांगलं ठाऊक आहे. घर दाखवतात. मुलगी गॅलरीत पळून येते, तिचं कपाट कुठे ठेवायचं यावर चर्चा होते, भाडं ठरतं. मग करारासाठी आधार कार्ड मागितलं जातं आणि संध्याकाळी एजंटचा फोन येतो. मालकांच्या घरी लग्न निघालं. मालकांचे भाऊ गावाहून येतायत. रंगकाम काढलंय, दोन महिने लागतील. फक्त शाकाहारींनाच द्यायचंय, हे आधी सांगायचं राहून गेलं. अशी चार घरं हातची गेली की माणूस दारातच सांगून मोकळा होतो. निदान मुलीने कपाटाची जागा ठरवायच्या आधी नकार ऐकायला मिळतो.

तुमची थाप तो क्षणात ओळखेल. 'बरं काकू, काही हरकत नाही' म्हणेल आणि फोन ठेवेल. त्या थापेमुळे त्याचं काहीच वाचणार नाही, वाचतील ते तुमचे सेक्रेटरी. कारण तुमच्या सोसायटीतला तो न लिहिलेला नियम अशाच सभ्य थापांवर टिकून आहे. कागदावर कुणीच कुणाला नाकारलेलं नसतं. उद्या कुणी विचारलं, की तुमच्याकडे एकही मुस्लिम भाडेकरू कसा नाही, तर उत्तर तयार असतं : कुणी आलंच नाही.

नाकारले गेलेले लोक मला नेहमी लिहितात. नाकारायला सांगितलं गेलेल्या माणसाचं पत्र क्वचित येतं. म्हणून तुमच्या पत्राला एवढं सविस्तर उत्तर देते आहे. हा सगळा प्रकार थांबवायची जागा तुमच्याकडे आहे, त्या तरुणाकडे नाही.

आता सेक्रेटरींच्या फोनकडे या. 'माझी व्यक्तिशः काही हरकत नाही.' एजंटला विचारा, त्याचीही हरकत नसते. त्याला दलालीशी मतलब, पण मालक तयार होत नाहीत म्हणतो. मालकाची हरकत नसते, पण सोसायटी. चेअरमनची नसते, पण सभासद. सभासदांना एकेकटं गाठून विचारा, निम्मे तरी म्हणतील, आम्हाला काय, बाकीच्यांना चालत नाही. एवढ्या सगळ्यांची हरकत नसताना घर मात्र मिळत नाही. माझं तुम्हाला एकच सांगणं आहे : ज्याला नाही म्हणायचंय, त्याने ते स्वतःच्या नावाने आणि सहीने म्हणावं, एवढं घडवून आणा. बाकीचं त्यातून आपोआप सुटेल असं नाही, पण पुष्कळसं सुटतं.

हे फार जुनं आहे. डॉ. आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. त्यांनी आपल्या दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्राला स्वतःला अडचण नव्हती, पण म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर सोडून जातील. ख्रिश्चन मित्राला बायकोला विचारायचं होतं आणि ती परगावी होती. आंबेडकर एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. तो जातीचा प्रश्न होता, तुमचा धर्माचा आहे. पण त्या दोन मित्रांची उत्तरं आणि तुमच्या सेक्रेटरींचं उत्तर शेजारी ठेवून बघा. काठ्या घेऊन आलेले लोक थोडेच असतात. बाकीचे नोकरांचं, बायकोचं, सभासदांचं नाव पुढे करून बाजूला होतात.

आता कामाचं. सोसायटीने कोणते उपविधी, म्हणजे बायलॉज, स्वीकारले आहेत ते आधी बघा. प्रत तुमच्याकडे नसेल तर मागा, सभासद म्हणून तुमचा तो हक्क आहे. सरकारने नमुना म्हणून दिलेले अलीकडचे आदर्श उपविधी स्वीकारले असतील, तर सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही. आधी लेखी कळवायचं, सोबत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढंच. बरेच सेक्रेटरी आजही 'एनओसी घ्या' म्हणतात, कारण जुन्या उपविधींत तशी तरतूद असायची. तुमचे उपविधी जुनेच असतील तर परवानगी मागा, पण लेखी मागा आणि नकार आला तर तोही कारणासह लेखी मागा. भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क द्यावं लागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. राज्य सरकारचा २००१ सालापासूनचा तसा आदेश आहे. 'त्यांना ठेवायचं तर जादा मेंटेनन्स भरा' असं कुणी सुचवलं तर हा आकडा लक्षात ठेवा.

मग सेक्रेटरींना एक पत्र द्या. चार ओळी पुरेत. सदनिका क्रमांक अमुक मी लिव्ह अँड लायसन्सने देत आहे, कागदपत्रं सोबत जोडली आहेत. भाडेकरूच्या धर्मासंबंधी संस्थेचा काही ठराव असल्यास त्याची प्रत, सभेच्या तारखेसह, मला लेखी द्यावी. पत्रावर चिडचिड नको, उपदेश नको, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तुम्ही बँकेत होतात, पोच घेतलेल्या कागदाचं वजन मी तुम्हाला काय सांगणार!

बहुतेक ठिकाणी प्रकरण इथेच थांबतं. फोनवर बोललेलं लिहून द्यायची कुणाची तयारी नसते. सभेत ठरलं होतं ते इतिवृत्तात का नाही, याचं कारण तुमच्या सेक्रेटरींना पक्कं माहीत आहे. उपविधीत काही बदल करायचा तर तो सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो आणि निबंधकांकडे नोंदवावा लागतो. नोंद होईपर्यंत तो लागू होत नाही. तोंडी ठरावाला सहकार कायद्यात जागाच नाही.

आणि लिहून दिलंच, तर तो कागद घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. भाडेकरूचा टेम्पो गेटवर अडवला, त्यांना आत येऊ दिलं नाही, तर तो सोसायटीचा अंतर्गत मामला राहत नाही. एखाद्याला जिथे जाण्याचा हक्क आहे तिथे जाण्यापासून अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. वेळ तिथवर येईल असं मला वाटत नाही, तरी माहीत असू द्या. सामान हलवायच्या दिवशी तुम्ही स्वतः खाली गेटपाशी उभ्या राहा. वॉचमनला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे त्या गरिबाची पंचाईत होणार नाही.

करार नोंदवायला मात्र आळस करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं सगळ्यांनाच सारखं लागू आहे. 'यांचं जरा नीट पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या' असं कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारा : आधी आलेल्या बाकीच्या भाडेकरूंचं केलं होतं का? सगळ्यांचं करा, यांचंही करू.

कमिटीत एखादे वकील असतील तर ते सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल काढतील. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा उपविधी केला होता आणि न्यायालयाने तो ग्राह्य धरला. संविधानाचं १५ वं कलम धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती मनाई मुख्यतः सरकारला. सहकारी संस्था म्हणजे सरकार नव्हे, असा त्यामागचा विचार. हा निकाल मला पटलेला नाही. शहरातली बहुतेक घरं ज्या व्यवस्थेतून मिळतात, तिला समतेच्या कलमापासून मोकळं ठेवलं तर ते कलम नागरिकाच्या कितीसं उपयोगी पडणार? पण निकाल आहे तो आहे. मात्र तुमच्या सेक्रेटरींना त्याचा आधार मिळत नाही. ती संस्था एका समाजासाठी म्हणूनच उभी राहिली होती, उपविधी रीतसर नोंदवलेला होता, आणि वाद सभासदत्वाचा होता. तुमची सोसायटी बिल्डरने जाहिरात देऊन सर्वांना विकली. तुम्ही सभासदत्व देत नाही आहात, स्वतःची जागा भाड्याने देत आहात.

आता थोडं कडू सांगते, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटायला नको. उद्या हाच नकार एखाद्या मालकाने स्वतःहून दिला, 'मी मुसलमानांना घर देत नाही' असं तोंडावर सांगितलं, तर त्याला शिक्षा होईल असा सरळ कायदा आपल्याकडे नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून रोखलं तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. धर्मावरून खासगी घर नाकारलं तर तसं काही नाही. अमेरिकेत १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, घरभाड्यात आणि घरविक्रीत वंश, धर्म पाहून नाकारायला बंदी करणारा कायदा झाला. आपल्याकडे मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. तो कसा असावा हे ठरवायला तज्ज्ञ गट नेमला गेला, त्याने २००८ मध्ये अहवाल दिला. आयोग झाला नाही. राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे त्या तरुणाला तक्रार करता येईल; आयोग खुलासा मागू शकतो, शिफारस करू शकतो, त्यापुढे फारसं नाही. म्हणून घराच्या बाबतीत तरी आज अल्पसंख्याकाची भिस्त कायद्यापेक्षा जास्त मालकावर आहे. म्हणजे तुमच्यावर. मला हे अजिबात बरं वाटत नाही, नागरिकाला असं कुणाच्या चांगुलपणावर सोडू नये. पण या महिनाअखेरीपर्यंत तरी परिस्थिती ही आहे.

ही एकट्या घराची गोष्ट नाही, हेही यजमानांना सांगा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच, फक्त अर्जावरची नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. पुढे थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी अशीच पाहणी केली, तिथेही सर्वाधिक नकार मुस्लिम नावांच्याच वाट्याला आले. तुमच्या दारात उभा राहिलेला तो फिजिओथेरपिस्ट नोकरी मिळवताना यातून गेला असणार, आणि मुलीच्या शाळेच्या वेळी पुन्हा जाईल. ती मुलगी चार वर्षांची आहे. या वयात मुलं फोनवरचं सगळं ऐकतात.

यजमानांच्या शंकांना मी हसणार नाही. त्या कॉलनीत तुमचं सगळं आयुष्य गेलं आहे, संध्याकाळी कट्ट्यावर बसायला माणसं लागतात, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला शेजारीच येतो. वाईटपणा घ्यायला जड जातं, हे खरं आहे. पण कुणाकुणाचा वाईटपणा येणार, ते एकदा नावानिशी मोजून बघा. 'लोक' म्हणजे कोण? बहुतेक सोसायट्यांत तीन-चार मोठ्या आवाजाची माणसं असतात आणि बाकीचे गप्प. त्या गप्प बसणाऱ्यांपैकी दोघातिघांकडे पत्र द्यायच्या आधी जाऊन या. चहा घेत सांगा की मी अशा कुटुंबाला जागा देते आहे, चांगली माणसं आहेत, तुमच्या कानावर घालावं म्हणून आले. परवानगी मागू नका. कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसलेले लोक पुष्कळ असतात, आणि सभेत त्यांच्यापैकी एकाने जरी 'यात गैर काय आहे?' म्हटलं तरी हवा बदलते.

फ्लॅटचा भाव पडेल, ही भीती त्यांनी तुम्हाला घातलीच असेल. एका भाडेकरू कुटुंबाने ठाण्यातल्या जागेचा भाव पडत नाही. पाणी, पार्किंग, लिफ्ट, स्टेशनचं अंतर यांनी पडतो.

'ते लोक त्यांच्यातच राहतात, इकडे कशाला?' हेही कुणीतरी म्हणेल. तुम्ही ठाण्याच्या आहात, मुंब्रा तुमच्या डोळ्यांदेखत वाढलं. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू. त्यानंतर मिश्र वस्तीतली घरं मिळेल त्या भावाला विकून हजारो कुटुंबं मुंब्र्यात, मिरा रोडला गेली. आपल्यासारख्यांच्या शेजारी घर मिळेना म्हणूनही गेली, आजही जातात. आधी जागा द्यायची नाही आणि मग एकत्र राहतात म्हणून नावं ठेवायची, हा अन्याय आहे. या शब्दाहून सौम्य शब्द मी शोधणार नाही.

आणि मांसाहाराचं कारण. तुमच्या इमारतीत रविवारी किती घरांतून मटणाचा वास येतो, ते तुम्हालाच माहीत. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला 'महाराष्ट्रीयनांना जागा देत नाही' असं सांगितलं गेलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो व्हिडिओ फिरला असेल, आपल्याच राज्यात आपल्याला जागा नाही म्हणून संताप झाला असेल. तो संताप योग्यच होता. सेक्रेटरींना त्या व्हिडिओची आठवण करून द्या आणि विचारा, तेव्हा तुम्ही ग्रुपवर काय लिहिलं होतं?

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ते इथे सुखाने राहतील का? याचं उत्तर तुम्ही किंवा मी देऊ शकत नाही. ते त्यांनाच विचारा. आजच त्या दोघांना बोलवा, शक्यतो मुलीला बरोबर न आणता. सेक्रेटरींचा फोन आला होता, ते काय म्हणाले, मी काय करणार आहे, सगळं सांगा. मग विचारा, तुम्हाला यायचंय का? काहीजण म्हणतील, काकू, तुम्ही पाठीशी असाल तर येऊ. काहीजण म्हणतील, नको, मुलीला लिफ्टमध्ये कुणी तोंड फिरवलेलं बघायचं नाही आम्हाला. दोन्ही उत्तरं मान्य करा. मी एवढं तुमच्यासाठी भांडतेय आणि तुम्ही माघार घेता, असं मनातसुद्धा आणू नका. त्यांना राहायला घर हवं आहे. तुमच्या सोसायटीला धडा शिकवण्याचं काम त्यांच्या अंगावर टाकू नका. पत्र द्यायचं तर त्यांचं नाव त्यात त्यांच्या संमतीनेच घाला, आणि ग्रुपवर त्यांच्याबद्दल एक अक्षरही लिहू नका, चांगलंसुद्धा. 'खूप सुशिक्षित आणि चांगले मुस्लिम आहेत' असली शिफारस तर नकोच. बाकी भाडेकरूंची कुणी अशी शिफारस करत नाही.

ते आले तर पहिले काही आठवडे जरा लक्ष द्या. तक्रारी येतील, आणि काही खऱ्याही असतील : गाडी चुकीच्या जागी लावली, कचऱ्याची पिशवी बाहेर राहिली. भाडेकरूची तक्रार सोडवतात तशीच ती सोडवा, पांघरूण घालू नका. पण तीच चूक इतरांना माफ आणि यांच्या नावाने नोटीस, असं दिसलं तर मात्र तिथल्या तिथे बोला. गणपतीची वर्गणी मागायला पोरं सगळ्या घरांत जातात, त्यांच्याकडेही जाऊ देत. द्यायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील. मुलांच्या वाढदिवसाची बोलावणी मजल्यावर फिरतात, त्यात ते दार वगळलं जात नाही ना, एवढं बघा. तुमच्या वयाच्या बाईने त्या मुलीचा हात धरून तिला खाली बागेत नेलं तरी पुष्कळांची तोंडं आपोआप बंद होतात. तुम्हाला नातवंडं आहेत की नाहीत ते पत्रात नाही, पण हे तुम्हाला जमेल असं पत्रावरून वाटतं.

आणि यजमान तयार झालेच नाहीत तर? फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीशिवाय करार होणार नाही, आणि या वयात घरात रोजची धुसफूस घेऊन बसा असं मी सांगणार नाही. पण मग त्या तरुणाला फोन तुम्ही दोघांनी मिळून करायचा. एजंटकरवी निरोप नको. सोसायटीने मुस्लिम भाडेकरूला विरोध केला, आम्ही तो मोडून काढायला तयार झालो नाही, असं स्वच्छ सांगायचं. टोकन त्याच दिवशी पूर्ण परत करायचं, आणि एजंटने त्यांच्याकडून काही पैसे घेतले असतील तर तेही तुम्ही भरून द्यायचे, कारण व्यवहार तुमच्या बाजूने मोडला आहे. यजमानांना आधी सांगा की हा फोन त्यांना करायचाय. मला वाटतं, तो फोन करण्यापेक्षा सेक्रेटरींना पत्र देणं त्यांना सोपं वाटेल.